हात सैल सोड

माझा राग नाकावर ऱ्हातो, हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. म्हणून पहिलंच सांगून टाकते, चूक माझी व्हती. खाजामियाँ चाचांची न्हाई. हे मी बारा दिवस कुणाला सांगितलं न्हाई, अन् त्या बारा दिवसांत एका भल्या माणसाचं दुकान बंद पडलं.

पाटोद्याच्या बाजारात चाचांचं बांगड्यांचं दुकान हाय. माझ्या लग्नाचा चुडा त्यांनी भरला, माझ्या आईचा त्यांच्या वडलांनी. परक्या गड्यानं बाईचा हात धरलेला आमच्या घरात खपत न्हाई, पण बांगडीवाल्याचं येगळं असतंय. चाचा हात हातात घ्यायचे, अंगठा आत दुमडायचे अन् हळूच म्हणायचे, "हात सैल सोड, माय." पोरगी असू दे न्हाईतर म्हातारी, त्यांना सगळ्याच माय. त्यांनी तसं म्हणलं की हात आपोआप ढिला पडायचा अन् बांगडी मनगटावर कवा गेली कळायचं बी न्हाई.

मागल्या वर्षी पुण्याहून मालिका काढणारे लोक आले. मोबाईलवर बघतात तसली, खुनी माणसाची गोष्ट. त्यांना बांगड्यांचं दुकान दाखवायचं व्हतं. पण त्यांच्या साहेबानं चाचांचा आवाज ऐकला अन् खुनी म्हणून चाचांनाच उभं केलं. म्हाताऱ्याला बी मजा वाटली. त्यांनी साहेबाला एवढंच इचारलं, ह्यो माणूस बायकांना मारतो कावून? साहेब म्हणला, कारण काही न्हाई, असली माणसं जन्मतःच तशी, आतून थंड. घरी येऊन चाचा चाँदबी चाचीला म्हणले, बिनकारणी कोण कशाला मारील, त्याला ल्हानपणी कुणी जवळ घेतलं नसंल. त्या खोट्या माणसाची बी त्यांना कीव आली. हे मला चाचीनं मागून सांगितलं.

मालिका मोबाईलवर आली तवा आमी ऊसतोडीला गेलतो. सांजच्याला भाकरी खाऊन सगळी टोळी एका मोबाईलभवती बसायची. मालिकेत चाचा दिसले तशा आमी टाळ्या पिटल्या. माझे मालक, धर्मराज, शेजारच्या गड्याला म्हणले, बघ बे, आमच्या पाटोद्याचा माणूस हाय. मग चाचांनी एका पोरीचा हात हातात घेतला अन् म्हणले, "हात सैल सोड, माय." तेच शब्द, तोच मऊ आवाज. पुढं त्यांनी जे दाखवलं ते मी काही सांगणार न्हाई. दुसऱ्या दिवशी गडी ऊस तोडता तोडता बायकांना तेच म्हणून भ्या दाखवाय लागले, अन् मी बी हसले.

चैत सरता सरता गावी आलो. माझ्या लेकीचं, दिपालीचं, लगीन तोंडावर आलं व्हतं. आधी माझे हात भरून घ्यावेत म्हणून बाजारच्या दिवशी चाचांच्या दुकानात जाऊन बसले. चाचांनी लेकीची इचारपूस केली, जावई काय करतो, सासर कुठलं. बोलता बोलता माझा अंगठा दुमडला अन् सवयीनं म्हणले, हात सैल सोड, माय.

माझ्या डोळ्यापुढं ती मालिकेतली पोरगी उभी ऱ्हायली. हात लाकडावानी ताठ झाला अन् मी तो जोरात मागं वढला. बांगडी वाढली. लगीनघरची बाई फुटली म्हणत न्हाई. काच मनगटात घुसली, रक्त आलं, अन् मी जी बोंबलले ती सगळ्या बाजारानं ऐकली. कुण्या मेल्यानं मोबाईल काढला व्हता. त्यानं माझ्या बोंबलण्याला मालिकेतलं संगीत लावलं, अन् सांजपतूर शिरूर कासारपासून वडवणीपतूर सगळ्यांनी ते बघितलं.

हात मीच वढला, एवढंच सांगायचं व्हतं. पण मोबाईलमधल्या सोंगाला आपण भ्यालो, हे सांगायची लाज वाटली. वरून मनगटावरची पट्टी बघून बायका हळहळायच्या, ते बरं बी वाटायचं. लोक म्हणाय लागले, तसं काही तरी आतून असल्याबिगर माणूस मालिकेत असलं काम करतोय व्हय? चाचांच्या दुकानाकडं कुणी फिरकंना. मग त्यांनी दुकान उघडणंच सोडून दिलं.

चुडा भरायला मालकांनी बीडचा माणूस ठरवला. दिपालीनं ते ऐकलं अन् माझ्यापुढं येऊन बसली. म्हणली, "आई, चाचांनी नेमकं केलं काय?" पोटच्या पोरीच्या तोंडाकडं बघून मला खोटं बोलता आलं न्हाई. सगळं सांगितलं. ती रागावली न्हाई, तेच मला जास्त लागलं. म्हणली, मग तूच जाऊन त्यांना घेऊन ये.

गेले. चाँदबी चाचीनं बस म्हणलं न्हाई. दारातच म्हणली, "चाळीस वर्सं तालुक्याच्या बायकांनी त्यांच्या हातात हात दिला. एकीला ओरखडा उठला न्हाई. अन् तुमी दोन तासाच्या सोंगावर इस्वास ठेवलात व्हय?" मी मान खाली घातली.

चाचा आत खाटेवर बसले व्हते. त्यांनी येणार न्हाई म्हणून सांगितलं. लगीनघर हाय, परत काही झालं तर पोरीला अपशकुनी म्हणतील, अशी त्यांना काळजी. त्यांना माझा राग न्हाई, माझ्या पोरीचीच काळजी, हे ऐकून मला भरून आलं. मी बी हट्टाला पेटले. म्हणलं, तुमी आला न्हाईत तर माझी लेक मोकळ्या हातानं बोहल्यावर चढंल. शेवटी चाचीनंच बांगड्यांची पेटी त्यांच्या हातात दिली.

मांडवात पंधरा-वीस बायका व्हत्या. चाचांना बघून सगळ्यांचे हात पदराआड गेले. मी मधे उभी ऱ्हाऊन सांगितलं, त्या दिवशी चाचांनी काही केलं न्हाई, मालिका बघून मी भ्याले, हात मीच वढला अन् वरून गप बसले. सांगताना कानशिलं तापली. मग चाचांपुढं बसून पट्टी सोडली अन् तोच हात पुढं केला.

चाचांनी अंगठा दुमडला, पण बोलले काहीच न्हाईत. बांगडी अंगठ्याच्या हाडावर येऊन अडली. माझा हात ढिला व्हता. त्यांचीच बोटं ताठ झाली व्हती. म्हणलं, चाचा, बोला की न्हेमीचं.

त्यांनी मान हलवली. "न्हाई बेटा. ते बोल आता माझे ऱ्हायले न्हाईत. त्या माणसाचे झाले."

ज्या हातांनी अख्ख्या तालुक्याच्या बायका सासरी पाठवल्या, ते हात भ्यालेले मी पहिल्यांदा बघितले. भ्याडपणा माझा, अन् भोगत ते व्हते. मी दुसरा हात त्यांच्या बोटांवर ठेवला.

"चाचा," मी म्हणलं, "हात सैल सोडा."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, डोळे भरून आले, खालमानेनं त्यांनी एक मोठा श्वास घेतला. बोटं हळूहळू ढिली पडली. हिरवी बांगडी हाडावरून सरकून मनगटात आली, काच लागलेल्या जागेच्या अगदी खाली.

मग दिपालीनं मला बाजूला सारलं अन् पुढ्यात येऊन बसली. दोन्ही हात पुढं करून म्हणली, मला माय म्हणा चाचा, मगच भरा.

चाचांनी म्हणलं. आवाज मधेच फाटला, पण म्हणलं. लेकीचा सगळा चुडा भरून झाला, एक बी बांगडी वाढली न्हाई. मागं वळून बघते तर बायकांनी पदरातून हात बाहेर काढले व्हते अन् पहिली कोण बसणार म्हणून एकमेकीला ढकलत व्हत्या. चाचा दर हाताला तेच म्हणत व्हते.