कमलाताईंची बारा चक्का

बावीस वर्षं सूर्यकांतनं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. वडील अमरावतीहून येऊन भिलाईच्या पोलाद कारखान्यात कारकून झाले होते. आपल्या पोरानं टेबल-खुर्ची सोडून स्टिअरिंग धरलं, ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत राहिली. सूर्यकांतला तसं कधी वाटलं नाही. त्याची इच्छा एवढीच, की गाडी आपली असावी आणि चालवणाराही आपणच असावा. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मालकानं धंदा आवरला. सूर्यकांत भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात दोन आठवडे नुसता बसून राहिला, तेव्हा बायको सुमेधा म्हणाली, "आता कावून थांबून राहिले? आता नाई तर कवा घ्याल गाडी?"

मग तो हिंडायला लागला. जुनी, पण भरवशाची बारा चक्का, म्हणजे बारा चाकांचा मालट्रक, हवा होता. पाहायची त्याची एक रीत होती. सकाळी लवकर जायचं, केबिन वर उचलून आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. इंजिन गरम लागलं, तर समजायचं की गिऱ्हाइकासाठी ते आधीच सुरू करून ठेवलंय. थंड असताना ते कुरकुर करतं, हे झाकायला. मग ऑइलचं झाकण काढून धूर पाहायचा, टायर हातानं चाचपायचे, चेसिसवर, गाडीच्या सांगाड्यावर, एकाच जागी भेग झाकणारा ताजा रंग दिसला की नमस्कार करून निघायचं.

अशा आठ गाड्यांना नमस्कार झाला. मरोद्याजवळच्या एका यार्डातली तर नवरीसारखी सजवलेली होती. नवी सीट, नवे आरसे, आणि सकाळी साडेसहाला इंजिन गरम. त्या दिवशी सूर्यकांतला पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्याच्यानं व्हायचं नाही.

तेवढ्यात कोणीतरी जवळच्याच अहिवारा गावातला पत्ता दिला. तिथं कमलाताईंच्या अंगणात एक फिक्या निळ्या रंगाची गाडी उभी होती. ताईंचा नवरा ओमप्रकाश ती स्वतः चालवायचा. आठ महिन्यांपूर्वी काविळीनं गेला. आठ महिने उभी राहिलेली गाडी म्हणजे सडलेली बॅटरी आणि बसलेले टायर, असं मनाशी धरूनच सूर्यकांत गेला. केबिन उचलली, हात ठेवला. इंजिन गार होतं. चावी फिरवली, आणि पहिल्याच झटक्यात ते बोललं.

तो चकित झाला. "ताई, हे कसं?"

"मी दर रविवारी सुरू करतो न जी," असं म्हणून ताई जराशा लाजल्या. "अन् थोडी पुढं-मांगं करतो. टायर एका जागी बसाले नाई पाहिजे म्हणून. ह्यायनंच शिकवलं होतं मले."

सूर्यकांतनं सगळं तपासलं. धूर नव्हता, टायरची झीज सारखी होती, चेसिसला नवा रंग कुठंच नव्हता. तो भावाचं बोलणार, तोच ताई म्हणाल्या, "अशी नका घेऊ. लोड टाकून पाहा. खाली गाडी तर कोणाचीबी चालते."

शेजारच्या खडीच्या क्रशरवरून मरोद्याला गिट्टी जायचीच होती. गाडी भरली आणि ताई खुशाल शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. वाटेत त्या कान देऊन ऐकत होत्या. "तिसरा गिअर सकाळी जरा अडते, जोर नका करू," त्या म्हणाल्या. पुढं एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला. सूर्यकांतनं ब्रेक दाबला. भरलेली गाडी एका रेषेत, जराही न भरकटता थांबली. त्याच्या हाताला बावीस वर्षांची ओळख होती. त्या हाताला ही गाडी पटली.

गिट्टी उतरवल्यावर तो म्हणाला, "ताई, ठरलं. मी घेतो."

ताई खाली उतरल्या. पिशवीतून टॉर्च काढून वाकल्या आणि म्हणाल्या, "इकडं या. हे तुमी पाह्यलं नाई."

मागच्या चाकांच्या वर, चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीत बोटभर भेग होती. चिखलाखाली झाकलेली. सूर्यकांतचा चेहरा उतरला. एवढी पारख करणाऱ्या माणसाच्या नजरेतून ती निसटली होती.

"तुमी सांगितलं नसतं, तर मले समजलंच नसतं," तो हळूच म्हणाला. "कावून सांगितलं?"

ताई टॉर्च विझवत म्हणाल्या, "हे गाडी घेऊन गेले का मी दारात बसत होती. फोन नाई लागला का जीव टांगून राहत होता. तुमच्या घरीबी कोणीतरी बसत असन न?"

सूर्यकांतनं हात जोडले.

गाडी त्यानं घेतलीच, ती पट्टी बदलली, आणि महिन्याभरात लोखंडी सळयांची पहिली खेप नागपूरला न्यायची ठरली. निघायच्या आदल्या दिवशी सुमेधाच म्हणाली, "ताईचं माहेर देवरीले आहे म्हणे. तुमच्या रस्त्यातच पडते."

सूर्यकांतनं अहिवाऱ्याला फोन केला. ताई आधी नको नको म्हणाल्या, मग विचारलं, "किती वाजता निघता?"

सकाळी त्या नवं लुगडं नेसून, हातात चिवड्याचा डबा घेऊन तयार होत्या. राजनांदगाव मागं पडलं, बाघनदीचा पूल आला, तसा ताईंनी पदर सावरून काचेतून खाली पाहिलं. दुचाकीवाले, शेतातली माणसं, सगळं लहान दिसत होतं.

"एवढ्या वर्षांत मी या गाडीत लांब कधी गेलीच नाई," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, पुढच्या खेपेले नेतो. प्रत्येक वेळी काई ना काई राहून जाये. किती उंचावरून दिसते जी सगळं!"

"तुमाले जवा यावं वाटन तवा सांगा," सूर्यकांत म्हणाला. "ही सीट तुमची."

देवरीच्या नाक्यावर ताईंचा भाऊ आनंदराव वाट पाहत उभा होता. त्यानं वर पाहिलं, पण बहीण गाडीच्या आत असेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो मागून येणाऱ्या बसकडे पाहत राहिला. ताईंनी काच खाली केली आणि मोठ्यानं हाक मारली, "आनंदा! इकडं, वर पाह्य!"