मेलेल्या लेखकाचं अक्षर

माझ्या थोरल्या नातीला पहिला दात आला त्या वर्षी साहेबांना मरून चार वर्षं झाली होती, आणि तरी साहेब लिहीत होते.

दर रविवारी त्यांच्या घराच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा. वर पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, चष्मा आणि पिवळ्या कोऱ्या कागदांची चळत. साहेबांचा पुतण्या एकेक दुखणेकरी पुढे बोलवायचा. कोरा कागद उलटसुलट करून सगळ्यांना दाखवायचा आणि एका पसरट तबकातल्या पाण्यात बुडवायचा. म्हणायचा, हे काकांच्या कबरीवरच्या गुलाबांचं पाणी. बघता बघता कागदावर काळी अक्षरं उमटायची. लोकांच्या अंगावर काटा यायचा. पुतण्या डोळे मिटून सांगायचा, "मरणानं काकांचा हात नेला, लेखणी ठेवली." हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं, की म्हणता म्हणता तो जांभईही देऊ शकायचा.

साहेब म्हणजे उर्दूतले नावाजलेले लेखक. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी, संध्याकाळी लिखाण. माणसानं मन कसं निवळावं, मरणाला कसं सामोरं जावं, यावर त्यांनी अकरा पुस्तकं लिहिली. ती सगळी माझ्या नवऱ्याच्या हातून गेली. माझा नवरा कातिब होता. तेव्हा उर्दू पुस्तकं शिशाच्या खिळ्यांनी जुळवत नसत. कातिब सगळं पुस्तक सुंदर अक्षरात हातानं लिही आणि ते लिहिलेलं छापखान्यातल्या दगडावर उतरवून छापत. त्यासाठी लागणारा पिवळा कागद मी करायची. खळ शिजवायची, रंग घालायची, कागदावर चढवून वाळवायची. शाईही मीच घोटायची. वाचता मात्र मला एक अक्षर येत नव्हतं. सगळी ओळ मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसे.

अकरावं पुस्तक संपलं आणि काचबिंदूनं नवऱ्याचे डोळे गेले. मागोमाग साहेब गेले. मग नवऱ्याच्या छातीत क्षय निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळ्या नऊ महिने, एक दिवस चुकवायचा नाही. चार महिन्यांत ताप गेला, दोन घास जास्त जायला लागले. आणि तेव्हाच मला अवदसा आठवली. मी त्याला हाताला धरून त्या जिन्यावर नेलं.

साहेबांच्या बायकोनं, वहिनींनी, मला जिन्यातच अडवलं होतं. पुतण्यानं त्यांना मागच्या खोलीत ढकललं होतं आणि दुःखानं डोकं फिरलंय म्हणून गावभर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "हे त्यांचं अक्षर नाही ग. मी चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली." मी म्हटलं, बरं वहिनी, आणि वर गेले. वेडीचं कोण ऐकतं.

कागदावर उमटलं, ते पुतण्यानं वाचून दाखवलं. गोळ्या सोड, भरवसा ठेव, हा कागद रोज रात्री भिजत घाल आणि सकाळी ते पाणी पी. घरी आल्यावर नवऱ्यानं कागद बोटांनी चाचपला. म्हणाला, "अगं, हा तुझ्या हातचा कागद आहे." मी म्हटलं, आपलं भाग्य, साहेब अजून आपलाच कागद वापरतात. पुतण्यानं उरलेली चळत माझ्याकडूनच नेली होती, हे मला आठवलंही नाही.

भिजवून अक्षरं काही जात नसत. पुतण्या म्हणे, अक्षर राहतं, पुण्य उतरतं. सात महिने नवरा ते पाणी प्यायला.

त्याला पुरल्यावर महिन्याभरानं मी वहिनींच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, मला वाचायला शिकवा. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. वहिनी म्हणाल्या, "आता कशाला?" मी म्हटलं, त्याला काय पाजलं ते मला वाचायचंय.

दीड वर्ष लागलं. जरा वाचता यायला लागलं तेव्हा मी पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात साहेबांचे मूळ कागद होते, ज्यांवरून नवरा लिही. ते अक्षर बघून मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं अक्षर. एकट्या माझ्या नवऱ्यालाच ते लागायचं. पुस्तकांतलं देखणं अक्षर त्याचं होतं. वाचकांनी साहेबांचं अक्षर कधी पाहिलंच नव्हतं, ते छापलेल्या अक्षरालाच साहेबांचं समजत आले. पुतण्याही तेच समजला. त्यानं पुस्तकांवर कागद ठेवून हवे ते शब्द गिरवले आणि मेलेल्या काकांच्या नावानं माझ्या नवऱ्याचं अक्षर उमटवलं. आंधळ्याला स्वतःचंच अक्षर भिजवून पाजलं.

पुढच्या रविवारी मी पिशवी घेऊन गेले.

पुतण्या म्हणाला, "या काकू. गुडघे का?"

मी म्हटलं, आधी माझा कागद बुडव. पिशवीतला पिवळा कागद काढून मी गर्दीत फिरवला. कोराच होता. तबकात टाकला. शाळकरी पोरीसारख्या माझ्या वाकड्या अक्षरात ओळ उमटली. पुढे बसलेल्या शिंप्यानं ती मोठ्यानं वाचली. "हे गुलाबाचं पाणी नाही, डाळिंबाच्या सालीचं आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. मी सांगितलं, हिराकस, म्हणजे शाईत घालतात तो हिरवट क्षार, पाण्यात विरघळवून लिहिलं की वाळल्यावर दिसत नाही, पिवळ्या कागदावर तर नाहीच. डाळिंबाच्या सालीचं पाणी लागलं की काळं पडतं. अशी शाई मी उभा जन्म घोटली आहे आणि हा पोरगा लहानपणी माझ्या चुलीशी बसून बघायचा.

पुतण्या डगमगला नाही. हात जोडून म्हणाला, "पाहिलंत? काका आता काकूंच्याही हातून लिहितात." आणि लोक माना डोलवायला लागले. लबाडाचा शब्द मांजरासारखा, कसाही टाका, पायांवरच पडतो.

मग मी साहेबांचे मूळ कागद काढले. वहिनी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे त्यांचं. त्याशेजारी मी तिसरं पुस्तक उघडून ठेवलं आणि नवऱ्याला दिलेला कागद ठेवला. पुस्तकात 'भरवसा' या शब्दाखाली एक बारीक वाकडी रेघ आहे. खळ चढवताना माझा केस कागदाला चिकटला होता, त्याच्यावरून शाई ओघळली आणि तशीच छापली गेली. चमत्काराच्या कागदावर त्याच शब्दाखाली तीच रेघ होती.

मी पुतण्याला विचारलं, "बाबा रे, तुझ्या काकांना वर माझा केस कुठून मिळाला?"

मी पेल्यात तबकातलं पाणी घेतलं, पिशवीतला हिराकस त्यात टाकला. पाणी शाईसारखं काळं झालं. "माझ्या नवऱ्याला हेच सात महिने पाजलंस. तू एकदा पी."

त्यानं तोंड फिरवलं. पाणी मी त्याला पिऊ दिलं नसतं. पण त्याचं फिरलेलं तोंड सगळ्यांनी पाहिलं. शिंप्यानं उठून स्वतःच्या आईला दिलेला कागद टेबलावर टाकला, मग दुसऱ्यानं, मग जिन्यावरून माणसं वर यायला लागली. तो चपला न घालता पळाला.

पुढे त्यानं दुसऱ्या गावी दुकान मांडलं, मग तिसऱ्या. दोन्हीकडे मी तबक घेऊन गेले. लोक म्हणाले, म्हातारे, आता पुरे कर. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही.

साहेबांनी सातव्या पुस्तकात लिहिलंय, की माझा कागद कपाळाला लावाल तर कपाळाला शाई लागेल, वाचाल तर काही उपयोग होईल. जे पुस्तक लोक पुजत होते त्यातच हे होतं. मी सांगते ते एवढंच. कागद कोणीही पुढे करो, आधी विचारा कोणी लिहिला, कशानं लिहिला. स्वतः वाचा. आणि डॉक्टरनं दिलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून सोडू नका.

माझा नवरा, कातिब, क्षयानं मेला. नातीला दात आला त्याच वर्षी, शेवटच्या महिन्याच्या सहा तारखेला, सकाळी. साहेब त्याच्या आधी चार वर्षं मेले होते. त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही.