जत्रेच्या दिवशीची मोजणी

१९९४ साली सोमशेखरनं नोकरीतली पहिली पाणीयोजना आखली. ती कोडोलीजवळच्या एका लहानशा वाडीसाठी होती, पण कागद बघून तसं कुणाला वाटलं नसतं.

"ही वाडी हाय का इचलकरंजी?" साहेब हंबीररावांनी विचारलं.

घडलं होतं असं. माणशी रोज चाळीस लिटर हा सरकारी हिशेब. म्हणजे आधी माणसं मोजायला हवीत. सोमशेखर मोजायला गेला तो नेमका गावजत्रेच्या दिवशी. सरपंच गणपतरावांनी त्याला दारोदार फिरवलं. घरात माणसं किती, असं विचारलं की चुलीपुढची बाई ताटं मोजून सांगायची. पंचवीस. चाळीस. जत्रेला जेवायला आलेल्याला परका समजायची तिथं पद्धत नव्हती. वर, लिंगायताचं पोर मटण खाणार नाही म्हणून घरोघरी दहीभात. सतराव्या घरानंतर आकडे तपासण्याची शुद्ध त्याला राहिली नाही. बेरीज झाली सात हजार तीनशे, आणि गाळ बसवायची टाकी कुस्तीच्या मैदानाएवढी.

हंबीररावांनी आठ दिवस दिले. योजना मंजूर झाली नाही तर नोकरी कायम होणार नव्हती. मग गडहिंग्लजला वडिलांच्या दुकानात खोबरं तोलणं होतंच.

साध्या मंगळवारी त्यानं पुन्हा मोजलं. अठराशे साठ. पुढची वाढ धरून अडीच हजार. रोज एक लाख लिटर. टाकी एकदम गुणी झाली. पण ग्रामसभेत सरपंचांच्या आई चिमणाबाई उठल्या.

"एरवी आमी हिरीवर भागवतोच की. पाणी लागतंय ते जत्रंला. त्या दिवशी पावण्यांनी हात कुठं धुवायचं?"

सभा लगेच त्यांच्या बाजूची झाली. सोमशेखर कागदाकडे बघत बसला. लाख लिटर शुद्ध करायला यंत्रणा आठ तास चालेल, असं त्यानं धरलं होतं. उरलेले सोळा तास ती नुसतीच बसून होती. चोवीस तास चालवली तर तीन लाख. भागिले चाळीस.

"साडेसात हजार," तो म्हणाला. "सगळं पावणं बसत्यात. वर दोनशे जागा शिल्लक."

ठराव झाला. गणपतरावांना एकच शंका होती: जत्रा सोडून पंपावर बसणार कोण? सगळ्या सभेनं सोमशेखरकडे पाहिलं. मटणावाचून ज्याचं अडत नव्हतं असा तो एकटाच होता.

नोकरी कायम झाली. पुढं तो स्वतः साहेब झाला, तरी २००५ सालच्या जत्रेलाही पंपाशेजारीच बसला होता. चिमणाबाईंचा दहीभाताचा डबा यायचा आणि, सांगून दमला तरी, मटणाची अकरा ताटंही यायची. हंबीरराव निवृत्त झाले होते, पण योजनेच्या तपासणीला दरवर्षी त्याच दिवशी न चुकता येत. अकरावं ताट संपलं की शेरा देत: क्षमता पुरेशी.