सात नंबरच्या कागदाची काचपेटी

मी एक जुनी काचपेटी आहे. चार फूट लांब, अंग सागवानी, झाकण तिरपं आणि कुलूप पितळेचं. बीड जिल्ह्यात विद्यापीठाचं एक उपकेंद्र आहे, त्याच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सध्या माझा मुक्काम आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मागाहून तोंड लपवायला नको. माझ्या लाकडात एका भल्या माणसाचं रक्त मुरलेलं आहे, आणि ते मीच काढलेलं आहे.

मला सटवा सुतारानं घडवलं. करवतीनं कापलं, रंध्यानं तासलं आणि प्रत्येक खिळ्याला एक शिवी देत ठोकलं. त्या शिव्या मला होत्या की गिऱ्हाइकाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाईक होते मन्मथप्पा, पेठेतले मिठाईवाले. त्यांच्या दुकानात मी बारा वर्षं पेढे आणि बालूशाही सांभाळली. त्या काळात माझी काच तीन वेळा फुटली. गावात बंद पुकारला, की पोरांना पहिला दगड मिठाईच्या दुकानावरच टाकावासा वाटे. दगड भिरभिरत येतो तेव्हा कसा आवाज होतो, हे मी त्या वेळेपासून ओळखते.

नव्वदनंतर बाजाराचं रूप पालटलं. आतून दिवे लागणारी स्टीलची काउंटरं आली. मन्मथप्पांनीही एक घेतलं आणि मला ग्रंथालयाला देऊन टाकलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण म्हातारा मायाळू. दर गुरुवारी मला बघायला यायचा.

ग्रंथालयानं माझ्यात जिल्ह्यातले जुने कागद मांडले. निजामाच्या राजवटीतल्या सनदा, पावत्या, हुकूम. सगळं उर्दूत. ज्यांच्या घरातून ते आले त्यांनाही ते वाचता येत नव्हते. मन्मथप्पांची शाळा निजामाच्या काळातली, त्यामुळे त्यांचं उर्दू पक्कं. ते एकेक कागद वाचून अर्थ सांगायचे आणि यशोधरा तो वहीत उतरवून घ्यायची. यशोधरा म्हणजे इथली सहायक ग्रंथपाल. प्रत्येक कागदाखाली पत्र्याचा एक नंबर असे. माझ्यात नुसता आकडा, आणि त्याचा अर्थ यशोधराच्या वहीत.

सात आणि आठ हे दोन्ही कागद एकाच गावचे. गावाचं नाव मी घेत नाही, कारण तिथली माणसं आजही एकमेकांच्या शेजारी राहतात. सात नंबरचा कागद आबासाहेबांनी दिला होता. ते यशोधराचे चुलते. त्यांच्या बौद्धवस्तीची विहीर आणि भोवतालची चार एकर जमीन वस्तीच्या नावावर कायम केल्याचा तो हुकूम. घर गळकं, पेटीला वाळवी, म्हणून त्यांनी तो पुतणीच्या भरवशावर माझ्याकडे ठेवला. आठ नंबरचा कागद सर्जेरावांचा. त्यांच्या आजोबांना मिळालेल्या चाळीस एकर इनामाची सनद. सर्जेराव तर माझ्याशेजारी उभे राहून फोटोही काढून गेले होते. कागद एकसारखे पिवळे, एकाच मापाचे, दोन्हींवर एकसारखा गोल शिक्का.

दोन हजार सालच्या सुमारास ग्रंथालयात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागून टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट. यशोधरानं वहीतली सगळी यादी त्यात भरली. महिनाभर बोटं झिजली पोरीची. मग ती यादी जगात कुठूनही दिसू लागली म्हणे. मला हसू यायचं. दहा पावलांवरून कुणी मला बघायला येत नाही, आणि जग बघणार!

त्या वर्षी खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे हत्यारांची पूजा झाली. ग्रंथालयाची हत्यारं कोणती? पुस्तकं, शिक्के, मी आणि तो नवा कॉम्प्युटर. त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि नारळाचं पाणी असं उडवलं की तो आठ दिवस मुका होता. शिपाई त्रिंबक आणि झाडलोट करणाऱ्या बायडाबाई यांनी मला उघडलं, कागद बाहेर काढले, मला आतून लख्ख पुसलं, पूजा केली आणि कागद परत ठेवले. सातचा कागद आठवर गेला आणि आठचा सातवर. दोघांनाही उर्दू येत नव्हतं. यशोधरा दसऱ्याच्या धम्मचक्र सोहळ्यासाठी नागपूरला गेली होती. मन्मथप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांचे गुरुवार बंद. चूक फक्त मला कळली. पण काचेतून सगळं दिसतं, म्हणून काही काचेला बोलता येतं असं नाही.

पौषात आबासाहेबांच्या विहिरीचा वाद तहसीलला गेला. सर्जेरावांनी विहिरीला कुंपण घालून मोटर बसवली होती. वस्तीच्या बायका पाण्यासाठी दीड मैल चालत होत्या. तारीख सोमवारी होती आणि मूळ कागद दाखवला नाही तर विहीर जाणार होती. सोमवारी सकाळी तो काढून न्यायचा असं ठरलं. नेमका त्याच आठवड्यात सर्जेरावांच्या पुण्यातल्या जावयाला नेटवर ती यादी दिसली. त्यानं फोन केला, की विहिरीचा कागद ग्रंथालयात काचेत आहे, नंबर सात.

शनिवारी दुपारी दोन जीप आल्या. पंधराएक माणसं उतरली. कुणाच्या हातात काठ्या, दोघांच्या हातात लोखंडी गज. वाचकांच्या खोलीतली पोरं खिडक्यांतून उड्या मारून पळाली. बायडाबाईंनी फिनेलच्या पाण्याची बादली पहिल्याच माणसाच्या तोंडावर फेकली. तो डोळे धरून ओरडत खाली बसला. दुसऱ्यानं बाईंना ढकललं. त्या कपाटावर आपटल्या आणि पुस्तकांचा खण त्यांच्या अंगावर कोसळला.

"यादी कुठं हाय?" सर्जेराव ओरडले.

यशोधरा कॉम्प्युटरसमोर उभी राहिली. "यादी सरकारी हाय. हात लावू नका."

एकानं तिचे केस धरून तिला बाजूला फेकलं. गज उठला आणि मॉनिटर असा फुटला की बाहेर झाडावरचे कावळे उडाले. मग तो डबा, तो कीबोर्ड, तो टेलिफोन. सगळ्याचा चुरा झाला. सर्जेरावांना वाटत होतं, यादी त्या डब्यात आहे. टेबलावरची वही पेटवली. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं. मग ते माझ्याकडे वळले.

मित्रांनो, मी दगड ओळखते, पण गज मला नवा होता. मी घाबरले. तेवढ्यात त्रिंबक धावत आला आणि दोन्ही हात पसरून माझ्यावर पालथा पडला. वाळकं शरीर, पन्नाशी उलटलेली, हाडं माझ्या काचेला टोचत होती. त्याची छाती धडधडत होती आणि ती धडधड माझ्या लाकडात उतरत होती.

"सर बे बाजूला!" सर्जेराव गरजले.

"न्हाई सरकत, मालक. हे माझ्या जिम्म्यात हाय."

"कावून मरतुस दुसऱ्याच्या कागदापायी?"

"दुसऱ्याचा कसला? हितं आला त्यो ग्रंथालयाचा झाला. आन् मालक, काच हाय ही. फुटली तर लागंल तुमाला."

तुम्हाला! पाठीवर काठ्या बसत होत्या आणि तो म्हणत होता, तुम्हाला लागेल. चार काठ्यांपर्यंत मी मोजल्या. मग दोघांनी त्याचे पाय धरून ओढलं, त्यानं माझी कड सोडली नाही, आणि त्याच वेळी गज पडला. मी फुटले. माझी काच त्याच्या उजव्या हातात गेली, मनगटापासून तळव्यापर्यंत. मला थांबता आलं नाही. काचेला एकदा फुटल्यावर आपलं-परकं राहत नाही. त्याचं रक्त माझ्या फळीवर पसरलं, कागदांच्या कडांना लागलं. सर्जेरावांचाही अंगठा कापला, पण त्यांनी धोतराला पुसला आणि सात नंबरवरचा कागद न बघताच उचलला.

मी ओरडत होते, तो तुमचा आहे! तुमच्या आज्याचा! पण ऐकणार कोण? त्यांनी तो अंगणात नेला, काडी लावली, राख चपलेनं रगडली आणि जीप गेल्या.

यशोधरा ओढणीनं त्रिंबकचा हात बांधत रडत होती. "त्रिंबककाका, विहीर गेली हो. सगळं गेलं." त्रिंबक वेदनेनं पांढरा पडला होता. तो एवढंच म्हणाला, "मला जमलं न्हाई, बाई." त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बायडाबाईंचं कमरेचं हाड मोडलं होतं. पोलीस आले, पंचनामा झाला. गुन्हा नोंदवला, काही जण पंधरा दिवस आत राहून आले. त्याहून जास्त काही झालं नाही.

रविवारी सकाळी मन्मथप्पा काठी टेकत आले. नवा जाड चष्मा होता. माझी दशा पाहून त्यांनी माझ्या कडेवर हात ठेवला. आबासाहेब आणि यशोधरा तिथंच मान खाली घालून बसले होते. काचांमध्ये बाकीचे कागद तसेच पडले होते. म्हाताऱ्यानं सवयीनं आठ नंबरवरचा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि वाचू लागला. वाचता वाचता थांबला.

"यशोधरे, हितं विहीर लिवली हाय."

"आप्पा, त्यो आठवा हाय. सर्जेरावांचा."

"नंबर काय बी असू दे. मी कागद वाचतुय, पत्रा न्हाई. ह्यो आबासाहेबांचा हाय."

आबासाहेब उठले. कागदाच्या कडेला त्रिंबकचं रक्त वाळलं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मोठा गडी लहान पोरासारखा रडला. सोमवारी तो कागद तहसीलमध्ये तसाच, रक्ताच्या डागासकट दाखवला गेला. विहीर वस्तीची राहिली, आणि आपण जाळलं ते कुणाचं, हे सर्जेरावांनाही कळलं.

मला प्लायवूड ठोकून मागच्या खोलीत टाकलं. नवीन कॉम्प्युटर आले, मग नेटची वेगळी खोली झाली, स्कॅनर आला. आता सगळे कागद पडद्यावर दिसतात. आठवा सोडून.

तीन वर्षांनी एका दुपारी सर्जेराव आले. एकटे, पायी. नेटची खोली माझ्या समोरच आहे, म्हणून मला सगळं दिसलं. ते दाराशी उभे राहिले, टोपी काढली.

"बाई, माझ्या आज्याचा कागद तुमच्या कॉम्प्युटरमधी हाय का?"

यशोधरानं मान वर केली. ती नाही म्हणू शकली असती. मी तिच्या जागी असते तर म्हटलंच असतं, मी काही फार चांगल्या स्वभावाची नाही.

"फोटो न्हाई," ती म्हणाली. "एक ओळ हाय. मी टाइप केलेली."

"वही तर आमी जाळली व्हती. त्यो डबा बी फोडला व्हता."

"यादी डब्यात नव्हती."

तिनं ती ओळ छापली आणि वाचून दाखवली. कागद आठ, निजामी फसली साल तेराशे सव्वीस, चाळीस एकर इनाम, शिक्का अस्पष्ट, उजव्या कोपऱ्यात तेलाचा डाग.

"त्यो डाग आज्जीनं पाडला व्हता," सर्जेराव म्हणाले. "दिव्यात तेल घालताना. आज्यानं लई मारलं व्हतं तिला. मी लहान व्हतो, बघितलं हाय." त्यांनी कागद खिशात घातला, पुन्हा काढून पाहिला, पुन्हा घातला.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. त्रिंबक शेजारीच पुस्तकांवर शिक्के मारत होता, डाव्या हातानं. उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत.

"लई लागलं व्हतं का रे?"

"तवा लागलं," त्रिंबक म्हणाला. "आता थंडीत ठणकतंय तेवढं."

सर्जेराव उभेच राहिले. मग त्रिंबकनं स्टूल पुढं सरकवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मी ते सांगणार नाही. काच पुन्हा बसवता येते. हात उगारण्याआधी समोरचा कागद एकदा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या म्हाताऱ्याला शोधा, तो गुरुवारी येतोच. आणि तेवढाही धीर नसेल, तर निदान कागदावर कोण पालथं पडलं आहे, ते तरी वाकून बघा. त्याला तुमच्याच हाताची काळजी असते.