पाठमोरी न चढलेली मी

मी एक मोटारगाडी. जन्म १९१३ सालचा. लोक माझे पितळी दिवे बघून 'वा!' म्हणतात, तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते. का, ते सांगते.

तरुणपणी मी मेंढ्यांच्या एका मळ्यावर लोकरीचे गठ्ठे वाहिले. मग मला झाडाखाली सोडून दिलं. पस्तीस वर्षं कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली. त्यातून मला उचललं लिंडसे पॅस्कोनं. सात वर्षं खपला बिचारा. सीट शिवली ती त्याच्या बायकोनं, मर्लनं.

माझी एक खोड आहे. माझी पेट्रोलची टाकी सीटखाली. पेट्रोल आपलं आपण इंजिनाकडे उतरतं, त्याला ढकलणारं काही नाही. उभ्या चढावर नाक वर झालं की ते पोचतच नाही. म्हणून आमच्या काळच्या गाड्या असा चढ पाठमोऱ्या चढायच्या. त्यात लाज कसली? मागून कुणीतरी लाकडी ठोकळा घेऊन चालायचं, गाडी थांबली की तो चाकाला लावायचा. आमच्यात हे काम मर्लचं.

दोन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या क्लबाची सहल फ्लिंडर्स नावाच्या डोंगररांगेत गेली होती. कोरडे ओढे, धोंडे, लाल धूळ. सगळं मी निभावलं. शेवटी आला बकरीचा चढ. तिथे शंभरेक माणसं खुर्च्या टाकून, चहा आणि खिम्याच्या करंज्या घेऊन बसली होती.

"काय लिंडसे," शेजारचा क्लॅरी ओरडला, "आजपण ढुंगण दाखवत चढणार का रे?"

हशा पिकला. लिंडसेचे कान लाल झाले.

"वळव गाडी," मर्ल म्हणाली. "टाकी अर्धीच आहे."

"एवढासा तर चढ. लोक बघतायत, मर्ल."

"बघू देत की!"

त्यानं ऐकलं नाही. आणि खरं सांगू? मलाही ते हवंच होतं. माझे घासलेले दिवे आधी दिसावेत, असं मलाही वाटलं. गाडी असून केवढा तो तोरा!

अर्ध्यावर मला ठसका लागला आणि इंजिन बंद पडलं. लिंडसेनं ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण सुट्या खडीवर मी तशीच मागे घसरत आले. मर्लनं धावत येऊन ठोकळा लावला. माझं चाक तो ओलांडून तिच्या पावलावर चढलं.

मर्ल गावच्या चर्चमध्ये बाजा वाजवायची, पायानं भाता मारायचा तो. तो पाय पुन्हा नीट वळला नाही. आता बाजा बंद आहे. रविवारी लोक नुसतेच गातात.

लिंडसेनं सगळ्यांना सांगितलं, "ब्रेकनं दगा दिला." क्लबाच्या पत्रकातही तेच छापून आलं. मर्ल काही बोलली नाही. मी तर बोलूच शकत नव्हते.

गेल्या आठवड्यात त्यानं मला विकायला काढलं. ट्रूडी नावाची एक मेकॅनिक बघायला आली.

"एवढी देखणी गाडी विकताय का हो?"

"ब्रेक गेलेत."

ती खाली शिरली आणि हात काळे करून बाहेर आली. "आजोबा, ब्रेक तर ठणठणीत आहेत!"

काठी टेकत मर्ल शेडच्या दारात येऊन उभी राहिली होती. लिंडसे माझा दिवा पुसत बसला, पुसलेलाच पुन्हा पुसत. मग म्हणाला, "मीच समोरून चढवली. क्लॅरी हसला म्हणून."

"हे क्लबात सांग," मर्ल म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"मी पडले तेव्हा सगळेच होते ना तिथे?"

ट्रूडी हात पुसून निघून गेली.

आज शनिवार. मी क्लबाच्या दाराशी उभी आहे. मर्ल माझ्या सीटवर बसून आहे. लिंडसे आत गेलाय. इथवर त्याला आणणं माझ्या हाती होतं, ते मी केलं. आत मघापासून चाललेला गलका आता थांबलाय.

क्लबातल्या मंडळींनो, तुम्ही माणसं फार चांगली, लगेच पाठीवर थाप मारून "जाऊ दे रे" म्हणणारी. एवढंच मागते, आज तसं म्हणू नका. त्याला शेवटपर्यंत बोलू द्या.