कबरीचा पान्हा

आमची कबरी शेळी पिलू लावल्याशिवाय पान्हा सोडत नसे. करडाने दोन ढुशा मारल्या की सडांत दूध उतरायचं, मग माझी बायको गोदा करडाला बाजूला ओढून धार काढायची. शहाडला नदीच्या काठी आमचं थोडं भातशेत होतं, तीन शेळ्या आणि आठदहा कोंबड्या. अंडी कल्याणच्या बाजारात जात. दूध मात्र त्या साली घराबाहेर गेलं नाही. ते रतनच्या पोरीचं होतं.

रतन आमची लेक. बाळंतपणात गेली आणि पोर आमच्याकडे राहिली. गाईचं दूध तिला पचेना, सगळं ओकून टाकी. गावात अंगावर पाजणारी एकटी शालू, तिच्या पदरात जुळी. आमची दुसरी शेळी आटलेली, तिसरी गाभण; गावात आणखी कोणाकडे दुभती शेळी नव्हती. उरली कबरी. तिचं दूध गोदा कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजी. त्यावर पोर तगली.

आठ दिवसांची असताना पोर तापाने फणफणली होती. तेव्हा मी गावदेवीपुढे बोललो, "हिला वाचव, कबरीचं करडू तुला देईन."

"अवो, कोंबडा बोला," गोदा म्हणाली होती. "तीन कोंबडे हायत घरात."

"माणसाच्या जिवाला कोंबडा? देवी काय भिकारीण आहे?"

ताप उतरला. माघी पुनवेला देवीची जत्रा आली. आदल्या दिवशी रघु भगत अंगणात येऊन बसला. करडाची पाठ चाचपून म्हणाला, "महिपतदा, चांगलं भरलंय रं!"

"पोर पेज खाईपर्यंत थांबा," गोदा म्हणाली. "कबरी आटंल."

"वयनी, देवीला थांब म्हणतेस? उद्या ताप फिरून आला तर माझ्याकडं रडत येऊ नको."

गोदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करडू पाला खातंय आता. दोन दिवस ओरडेल कबरी, मग होईल सवय." हे मी देवीच्या भीतीने बोललो की चारचौघांत शब्द खाली पडू नये म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.

नवस फेडला. रिवाजाप्रमाणे मुंडकं आणि कातडं भगताने नेलं.

त्या संध्याकाळी गोदा भांडं घेऊन बसली. कबरीने लाथ मारली. भांड्याचा तळ भिजेल इतकंच दूध निघालं, दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. कास दगडासारखी झाली. करडाला ज्या वाटेने नेलं त्या वाटेकडे तोंड करून ती ओरडत राहिली. गाभण शेळी व्यायला अजून दीड महिना होता.

मेलेल्या पिलाच्या कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवला की शेळी फसते, हे आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात. तिसऱ्या दिवशी मी भगताकडे धावलो.

"कातडं? ते कल्याणला गेलं कमवायला," तो म्हणाला. "आधी नाय का बोलायचं, खुळ्या?"

कल्याणला गेलो. कातडी कमावणाऱ्याने चुन्याच्या हौदातून ते काढून दिलं. केस गळू लागले होते. मी नदीवर ते पुन्हा पुन्हा धुतलं, पेंढा भरला आणि कबरीपुढे धरलं. ती धावत आली. हुंगलं. शिंकली, आणि तोंड फिरवून पुन्हा वाटेकडे बघत उभी राहिली.

गोदाने पेजेचं पाणी पाजून पाहिलं. शालूने दोनदा पोरीला जवळ घेतलं. तिसऱ्यांदा तिचीच दोन्ही रडायला लागली, तेव्हा तिने मान खाली घातली. पोरीचं रडणं बारीक होत गेलं. मग नुसतं तोंड हलायचं. सातव्या दिवशी दुपारी तेही थांबलं.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. नदीकाठी खड्डा मीच खणला. परत आलो तर रघु भगत ओटीवर बसलेला.

"देवीचं देवीनं नेलं," तो म्हणाला. "तू नवस बोललास, म्हणून तीन महिने तरी मिळाले."

मी मान हलवली.

गोदा दारात उभी होती. "मान हलवता?" तिने विचारलं.

तिने धारेचं भांडं पालथं घातलं आणि आत गेली.