उभा आणलेला फ्रिज

"आडवा नाय करायचा," रंगनाथ म्हणाले आणि फ्रिज व टेम्पो यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

चंदर टेम्पोवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, रोज चार फ्रिज नेतो मी. सिडको ते गंगापूर रोड, असं किती लांब आहे?"

"तू ने रोज चार. हा उभाच जाईल. मागं धरून मी बसतो."

तेजस्विनी फाटकाशी बॅग घेऊन उभी होती. रंगनाथ, म्हणजे तिचे सासरे, आपल्याबरोबर येणार हे तिला आत्ता कळलं. सकाळी तर ती घाबरलीच होती. स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं, तर फ्रिज बंद, दार सताड उघडं, आतले कप्पे गायब. तिला वाटलं, झालं, अडवला! लग्नाआधी प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर तिनं स्वतः घेतलेला फ्रिज. सहा वर्षांच्या संसारातून ती तेवढाच मागत होती. रोहितनं घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना 'ने' म्हटलं होतं खरं, पण त्याच्या शब्दाला किती धरून चालायचं ते तिला ठाऊक होतं. आणि फ्रिजशिवाय निघायचं म्हणजे हाकलल्यासारखं निघायचं. ते तिला नको होतं.

मग मोरीतून घासल्याचा आवाज आला. रंगनाथ पाटावर बसून कप्पे धूत होते. पहाटेच बंद करून त्यांनी बर्फ वितळू दिला होता, मागच्या ट्रेमधलं पाणी ओतून टाकलं होतं.

"ओला फ्रिज हलवू नये," एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या मानानं हे भाषणच झालं. चौतीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस घरात मात्र कायम मागच्या सीटवर बसला. रोहितचा आवाज चढला की हे चपला पायांत सरकवत आणि कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर जाऊन बसत. भांडण विझलं की परत. दोन वर्षं हेच. रोहितच्या ओरडण्यापेक्षा तेजस्विनीला त्या चपलांचा आवाज जास्त लागला होता.

आज रोहित मुद्दाम मित्राकडे गेला होता. सिंधुबाई, म्हणजे सासूबाई, देवापुढून उठल्या नव्हत्या. पण फ्रिजभोवती गुंडाळलेली गोधडी त्यांची होती आणि दार उघडू नये म्हणून बांधलेलं जुनं लुगडंही त्यांचंच. तेजस्विनीनं ते लगेच ओळखलं.

त्र्यंबक रोडवर प्रत्येक गतिरोधकाला मागून काचेवर थाप पडत होती. "हळू रे!"

"ताई," चंदर म्हणाला, "बाबा आता माझं लायसन्स तेवढं काढून घ्यायचे राहिलेत."

तेजस्विनीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

नव्या भाड्याच्या घराला दोन जिने होते आणि लिफ्ट नव्हती. चंदरनं आणि त्याच्या जोडीदारानं फ्रिज उचलला. रंगनाथ पुढं उलटे चढत होते, डेपोत गाडी मागं घ्यावी तसा हात हलवत. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं... बस्स!" त्यांनी तो बोटभरही कलू दिला नाही. भिंतीपासून वीतभर अंतर राखून फ्रिज जागेवर टेकला तेव्हा त्याच्यावर साधा ओरखडा नव्हता. सुटले, असं तेजस्विनी मोठ्यानंच म्हणाली.

टेम्पो गेला. तिनं प्लग हातात घेतला.

"थांब. चार तास लावायचा नाय. आतल्या कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू दे."

दारात चपला काढून ते भिंतीला टेकून बसले. तेजस्विनीच्या मनात आलं, चार तास! या माणसाशी चार तास बोलायचं काय?

पण बोलावं लागलंच नाही. त्यांनी पेचकस मागितला. दाराची सैल कडी घट्ट केली, गळक्या नळाला वायसर बसवला, पडद्याची दांडी लावली. ती डबे भरत राहिली. दीडच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. रोहितचा आवाज बाहेर ऐकू येण्याइतका चढला होता. रंगनाथांनी फोन कानापासून थोडा लांब धरला आणि सगळं ऐकून घेतलं.

"फ्रिजचं तेल बसतंय अजून, मग येतो," ते शांतपणे म्हणाले. "आणि आवाज खाली घे. आधीच सांगायला पायजे होतं तुला." त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा दांडीकडे वळले. तेजस्विनी हातात मिठाचा डबा घेऊन तशीच उभी राहिली.

दोन वाजता चंदरचा फोन आला. त्याची दोरी राहिली होती.

"फ्रिज झाला ना सुरू, ताई?"

"अजून नाही. चार तास थांबायचंय ना."

"आं? ते आडवा आणला तर. आपण उभा आणलाय, तासभर लय झाला. बाबांना मी खालीच सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे मला."

तिनं फोन ठेवला. रंगनाथ मघाशीच घट्ट केलेली कडी आतून पुन्हा ओढून पाहत होते.

"कोण?"

"चंदर. दोरी शोधतोय." मग तांदळाचा डबा उघडत ती सासऱ्यांना म्हणाली, "दादा, अजून दोन तास आहेत. खिचडी टाकते."

"टाक."

दोघांनी जमिनीवर बसून खिचडी खाल्ली. त्यांनी दोनदा वाढून घेतली.

चारला ते उठले. "झाले चार. लाव आता." दारात जाऊन त्यांनी एक पाय चपलेत घातला.

तिनं प्लग उचलला, आणि परत खाली ठेवला.

"दादा, जिन्यात जरा कलला होता ना तो?"

रंगनाथांनी तिच्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे.

"हां," ते म्हणाले. "कलला होता खरा." आणि त्यांनी चपलेतला पाय बाहेर काढला.